जुन्या कॉम्प्युटरवरून मेल जात नसेल, तर दोष कॉम्प्युटरचाच असतो का?

कळफलक

वडिलांच्या कॉम्प्युटरवरून तीन आठवडे मेल जात नव्हते. येत होते व्यवस्थित, जात मात्र नव्हते. विंडोज ७, मेलसाठी आउटलुक २०१०. आउटबॉक्समध्ये १४ मेल अडकलेले, त्यांतले निम्मे एकाच मित्राला. पहिल्याचं उत्तर येईना म्हणून ते बिचारे पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं: मशीन जुनं झालं, नवीन घ्या. मला हे मुळातच मान्य नाही, म्हणून हा धागा काढतोय.

मेल येण्याची वाट वेगळी आणि जाण्याची वेगळी. येणारं टपाल पॉप किंवा आयमॅपने येतं, जाणारं एसएमटीपीने जातं. सर्व्हर वेगळा, पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं क्रमांक असलेलं दार, तेही वेगळं. एक वाट चालू आहे याचा अर्थ नेट ठीक, वायर ठीक, मशीनही बऱ्यापैकी ठीक. अडलंय कुठे ते शोधायचं, एवढंच काम उरतं.

मी टेलनेटने, म्हणजे सर्व्हरशी हाताने टाइप करून बोलायच्या साधनाने, पाहिलं. विंडोज ७ मध्ये ते आधी कंट्रोल पॅनेलमधून चालू करून घ्यावं लागतं. काळ्या खिडकीत जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरचं नाव आणि ५८७ टाकलं, तर लगेच २२० ने सुरू होणारी ओळ आली. म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचतोय, पोर्टही अडवलेलं नाही. मग ईएचएलओ, म्हणजे सर्व्हरला नमस्कार, टाइप केलं. २५० च्या सात-आठ ओळी आल्या, त्यांत स्टार्टटीएलएस होतं, म्हणजे सर्व्हर सुरक्षित जोडणी द्यायला तयार होता. इथपर्यंत सगळं सुरळीत. अडत होतं ते यानंतर, सुरक्षित जोडणी सुरू होताना.

आणि मग उजव्या कोपऱ्यात लक्ष गेलं. तारीख १ जानेवारी २००९. बाबा म्हणाले, "ते घड्याळ कधीपासून चुकतंय, मी भिंतीवरचं बघतो." मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला होता. बाबा रात्री मेन स्विच बंद करतात, त्यामुळे रोज सकाळी मशीन २००९ मध्ये उठायचं. विंडोज वेळ आपोआप जुळवतं, पण फरक १५ तासांपेक्षा जास्त असेल तर त्याला हात लावत नाही. सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं मुदतीचं ओळखपत्र, अलीकडचं, आणि मशीनच्या हिशेबाने ते अजून लागूच झालेलं नाही. मग मशीन त्यावर विश्वास कसा ठेवणार?

नाण्याएवढा सेल बदलला, तारीख लावली, चौदाच्या चौदा मेल गेले. पूर्ण मशीन भंगारात निघालं होतं ते या सेलपायी. माझं म्हणणं असं की जाणारे मेल अडले तर दहांतल्या नऊ वेळा कारण असं लहान असतं, आणि ते शोधायच्या आधी "नवीन घ्या" म्हणणं हा आळस आहे.

निळी शाई

सेलपर्यंत पोचलात, चांगलं निदान केलंत. पण अर्ध्यावर थांबलात. तारीख चुकल्यामुळे जाणारे मेल अडले, मग येणारे का नाही अडले? त्यांनाही सर्टिफिकेट तपासावं लागतंच. ते तपासलं जात नव्हतं, म्हणूनच ते येत होते. अकाउंटच्या सेटिंगमध्ये येणाऱ्या मेलचं पोर्ट कोणतं आहे ते बघून सांगा.

कळफलक

आत्ता पाहिलं. ११०. एन्क्रिप्शनच्या (मजकूर सांकेतिक करण्याच्या) खाली "काही नाही" निवडलेलं आहे. हे अकाउंट कोणी जोडून दिलं होतं तेही आता बाबांना आठवत नाही.

निळी शाई

म्हणजे दर दहा मिनिटांनी मेल तपासताना वडिलांचा पासवर्ड उघडा जातोय, आणि कित्येक वर्षं जातोय. वाटेत कोणी ऐकत असेल तर त्याला काही फोडावं लागत नाही, सरळ वाचता येतो. आणि बहुतेक ठिकाणी मेल पाठवायलाही तोच पासवर्ड चालतो.

माझा विरोध इथेच आहे. "चालू झालं" आणि "ठीक झालं" यांत फरक आहे. टीएलएस म्हणजे सुरक्षित जोडणीची पद्धत. टीएलएस १.० हे १९९९ चं, १.१ हे २००६ चं. मार्च २०२१ मध्ये ही दोन्ही अधिकृतपणे मोडीत काढली, कारण ती भरवशाची राहिली नव्हती. सर्व्हरवाले जुन्या मशीनला दार बंद करतात तेव्हा ते तुमच्या वडिलांना त्रास द्यायला करत नाहीत. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, त्यानंतर सापडलेली भोकं घरच्या मशीनवर बुजवली गेलेली नाहीत. अशा मशीनवरून मेल जाईना झाले तर मी ती वेळेवर मिळालेली सूचना मानतो. तुम्ही सूचना बंद केलीत आणि मशीन होतं तसंच ठेवलंत.

तिसरा प्रहर

निळी शाई, घरच्या मशीनबद्दल तुमचं पटतं. पण सगळी जुनी मशीन घरची नसतात. आमच्या प्रयोगशाळेत एक मोजमापाचं यंत्र आहे, त्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालतं. यंत्र उत्तम आहे, अजून बरीच वर्षं चालेल. रात्रीचं काम संपलं की ते निकाल मेलने पाठवतं. एक दिवस मेल थांबले. एक्सपीची स्वतःची सोय टीएलएस १.० च्या पुढे जातच नाही आणि सर्व्हरने १.२ च्या खालचं बंद केलं होतं. सेल बदला, पासवर्ड बदला, काही फरक पडणार नव्हता.

आम्ही शेजारी एक छोटं नवं मशीन ठेवलं आणि त्यावर एसटनेल हे साध्या जोडणीला टीएलएसचं कवच देणारं सॉफ्टवेअर बसवलं. एक्सपी साधा मेल त्या शेजाऱ्याकडे देतं, तो पुढे १.२ ने सर्व्हरकडे पाठवतो. एक्सपीचा बाहेरच्या नेटशी संबंधच तोडला, त्याला फक्त तो शेजारी दिसतो. यंत्र टाकून द्यावं लागलं नाही आणि सर्व्हरचा नियमही मोडला नाही.

निळी शाई

याला माझी अजिबात हरकत नाही. तुम्ही जुन्या मशीनला जगापासून बाजूला काढलंत. माझी हरकत आहे ती जुनं मशीन जगात उघडं ठेवून वर "काही होत नाही" म्हणण्याला.

रानवाट

एवढा खटाटोप कशासाठी? ब्राउझर उघडा, तिथून मेल पाठवा. आउटबॉक्स नाही, पोर्ट नाही, काही नाही. मेल प्रोग्रामचे दिवस संपले.

धुळाक्षरं

रानवाट, ब्राउझरलाही तेच टीएलएस लागतं. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, म्हणजे प्रश्न सुटला नाही, एका खिडकीतून दुसरीत गेला. शिवाय ज्यांचं १५ वर्षांचं टपाल त्या प्रोग्रामच्या फोल्डरांत लावलेलं आहे त्यांना "ब्राउझर उघडा" सांगून भागत नाही. पॉपने उतरवलेलं टपाल बहुतेक वेळा सर्व्हरवर राहिलेलंच नसतं. ते फक्त त्या डिस्कवर असतं. म्हणून दुरुस्ती असो की नवं मशीन, आधी त्या फोल्डरांची प्रत दुसरीकडे काढा. इथे अजून कोणीच हे म्हटलं नाही याचं नवल वाटतं.

आता कळफलक यांच्या "दहांतल्या नऊ वेळा" बद्दल. मी नात्यागोत्यात ही कामं खूप केली आहेत. सेलचं प्रकरण मला दोनदाच भेटलं. बाकी बहुतेक वेळा गोष्ट पासवर्डची निघाली. ५३५, म्हणजे "ओळख पटली नाही", हा आकडा दिसला की माणूस तोच पासवर्ड चार-चारदा टाकत बसतो. पासवर्ड बरोबरच असतो, तो देण्याची जुनी रीत बंद झालेली असते. गूगलने ३० मे २०२२ पासून साध्या खात्यांसाठी जुन्या प्रोग्रामना नेहमीचा पासवर्ड चालू देणं थांबवायला सुरुवात केली. आता दुहेरी पडताळणी चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो आणि नेहमीच्या पासवर्डच्या जागी तो टाकावा लागतो. आउटलुक २०१० ला नवी रीत येत नाही, पण ही १६ अक्षरं चालतात.

दुसरं एक हमखास कारण म्हणजे पोर्ट २५. जुन्या अकाउंटांत तेच भरलेलं असतं. व्हायरस लागलेली घरगुती मशीन त्यावरून कचरा मेल सोडायची, म्हणून नेट पुरवणाऱ्या अनेकांनी ते अडवून ठेवलंय. ५८७ किंवा ४६५ करा आणि "सर्व्हरला ओळख द्यावी लागते" ही खूण करा. ही खूण येणाऱ्या मेलच्या पानावर नसते, आत "मोअर सेटिंग्ज"मध्ये असते, म्हणून राहून जाते. ती राहिली की स्वतःच्या गावातल्या पत्त्यावर मेल जावेत आणि परगावचे ५५०, म्हणजे "नाकारलं", म्हणून परत यावेत तसं होतं: त्याच सर्व्हरवरच्या खात्यांना जातात, बाहेरच्यांना नाही.

निळी शाई

ॲप पासवर्डबद्दल एक सांगतो, आणि इथे मी तुमच्या बाजूने आहे. ती १६ अक्षरं टाकताना दुहेरी पडताळणी विचारली जात नाही, ही त्याची कमजोरी. पण जुन्या मशीनबद्दल शंका आली तर तेवढा एकच रद्द करता येतो, मूळ पासवर्डला धक्का लागत नाही. जुनं मशीन ठेवायचंच असेल तर मूळ पासवर्ड त्यावर कधी टाकूच नये.

तिसरा प्रहर

एक भर. थंडरबर्ड हे मेलचं दुसरं सॉफ्टवेअर सुरक्षित जोडणीसाठी विंडोजवर अवलंबून नसतं, स्वतःची सोय आणि सर्टिफिकेटांची स्वतःची यादी बाळगतं. म्हणून एक्सपीवरसुद्धा थंडरबर्ड ५२ ने टीएलएस १.२ जमतं, जिथे एक्सपीचं आउटलुक एक्सप्रेस हात टेकतं. अर्थात एक्सपीसाठी ५२ शेवटचं, आणि त्यात २०१८ नंतर सुधारणा नाहीत. घरासाठी मी सुचवणार नाही, पण दोष मशीनचा की प्रोग्रामचा हे ठरवायला अर्ध्या तासाची उत्तम चाचणी आहे.

कळफलक

रात्री बसून केलं. आधी धुळाक्षरं यांचं ऐकून सगळ्या फोल्डरांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली. मग माझ्या मशीनवरून बाबांचा पासवर्ड बदलला. ११० चं ९९५ केलं, एन्क्रिप्शन चालू केलं, आणि येणारे मेलही थांबले! विंडोज ७ मध्ये टीएलएस १.२ आहे, पण मुळात बंद असतं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत, चालू करावं लागलं. रीस्टार्ट केल्यावर येणं-जाणं दोन्ही सुरू. जाणारे मेल इतके दिवस जुन्या टीएलएसने जात होते आणि सर्व्हर अजून ते चालवून घेत होता, हेही तेव्हाच कळलं.

निळी शाई, उघड्या पासवर्डबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर होतं आणि तुम्ही विचारलं नसतं तर मी तसाच सोडून उठलो असतो. "नवीन घ्या" मात्र मला अजून पटत नाही. बाबांना या आउटलुकमध्ये कुठे काय आहे ते हाताला माहीत आहे. ७८ व्या वर्षी ते सगळं नव्याने शिकताना ते मेल लिहिणंच सोडून देतील, आणि त्या मित्राशी त्यांचं बोलणं याच वाटेने होतं.

निळी शाई

हे कारण मला समजतं. मग दोन गोष्टी कराच. त्या मशीनवर बँकेचं काहीही उघडू नका, आणि अनोळखी मेलमधली जोडलेली फाइल उघडायची नाही, आधी तुम्हाला फोन करायचा, हे वडिलांशी पक्कं ठरवा. फोल्डरांची प्रतही दर महिन्याला काढत जा.

कळफलक

फोनचं काल रात्रीच ठरलं. बँकेचं ते तसंही पासबुकावरच बघतात. प्रतीची आठवण माझ्या कॅलेंडरमध्ये पहिल्या रविवारी लावलीय.