टोनिंग आलेल्या रुपयाचा खरा रंग कोणता: कलता धरल्यावरचा की मेजावरचा?

चांदीवेडा

माझ्याकडे सातव्या एडवर्डचा १९०७चा रुपया आहे. आधीच्या मालकाने तो वर्षानुवर्षं कागदी अल्बममध्ये ठेवला होता, त्यामुळे त्यावर टोनिंग आलंय, म्हणजे चांदीवर आपोआप रंग चढलेत. मधोमध, राजाच्या गालावर, मधासारखा पिवळा. तिथून बाहेर सरकलं की किरमिजी, आणि कडेला अक्षरांच्या आसपास मोरपिशी निळा. खिडकीशी धरून जरा कलता केला की सगळं एकदम उजळतं. मेजावर सपाट ठेवला की राखाडी-तपकिरी. चार दिवस फोटो काढत होतो आणि दर वेळी राखाडी-तपकिरीच येत होता.

चूक दिव्याच्या जागेची होती. हा रंग नाण्याला लावलेला नसतोच. हवेतल्या आणि कागदातल्या गंधकामुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास. थराच्या वरून परतलेला उजेड आणि खालच्या चांदीवरून परतलेला उजेड एकमेकांत मिसळतात, त्यात काही रंग मारले जातात, काही उठून दिसतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतात, तोच प्रकार. म्हणून दिव्याचा उजेड नाण्यावरून आरशासारखा परतून थेट लेन्समध्ये यावा लागतो. दिवा फार बाजूला गेला की नक्षी उठते, पण रंग जातो.

मी फोटोफ्रेमची साधी काच लेन्स आणि नाण्याच्या मध्ये ४५ अंशांत धरली आणि दिवा बाजूला ठेवला. उजेड काचेवरून खाली नाण्यावर पडतो आणि तिथून सरळ वर, काचेतून लेन्समध्ये येतो. दिव्याच्या समोरच्या बाजूला काळा कागद लावला, नाहीतर तिकडची भिंत काचेत दिसते. पहिल्याच फोटोत कडेचा निळा आला!

माझं स्पष्ट मत: टोनिंग आलेल्या नाण्याचा फोटो असाच काढावा. तपकिरी फोटो हा त्या नाण्यावर अन्याय आहे.

जुनी_पेटी

अजिबात सहमत नाही, आणि याला कारण आहे.

मागच्या वर्षी असाच निळा-जांभळा फोटो बघून पाचव्या जॉर्जचा १९१८चा रुपया घेतला. ढिगाने मिळणारं नाणं, केवळ रंगासाठी दुप्पट पैसे मोजले. पाकीट फोडलं तर राखाडी. विकणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला, "दिव्याखाली कलतं करून बघा की." केलं. एका ठरावीक कोनात फिकट निळी झाक आली आणि हात हलला तशी गेली. माझी बायको शेजारी उभी होती, तिला ती दिसलीसुद्धा नाही.

नाणं बहुतेक वेळ ज्या रूपात दिसतं तोच त्याचा खरा रंग. क्वचित दिसणाऱ्या झाकेचा फोटो लावून नाणं विकणं मला तरी पटत नाही.

चांदीवेडा

काका, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच झालं. पण मला वाटतं, ती करामत कोनाची नव्हती, सॅच्युरेशनची होती. कोन बदलून रंग दिसतो तो नाण्यात असतोच. सॅच्युरेशनची पट्टी सरकवली की रंग वाढतो तो फक्त फाइलमध्ये. फोटोत कडेला बोट किंवा पांढरा कागद असेल तर लगेच कळतं, कारण बोटही नारिंगी झालेलं असतं आणि कागद निळसर. म्हणून तर असे फोटो नाण्याच्या कडेपर्यंत कापून काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवलेले असतात.

येवल्याची_लेक

मला नाण्यांतलं फारसं कळत नाही, ही आवड माझ्या भावाची. पण आमच्याकडे धूपछाव पैठणी दाखवताना पदर एकदा इकडून आणि एकदा तिकडून फिरवून दाखवतात. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे बाजू बदलली की रंग बदलतो. गिऱ्हाईक दोन्ही रंग बघूनच घेतं. एकाच बाजूने दाखवून घडी घातली तर आम्ही त्याला फसवणूकच म्हणू, मग ती बाजू कितीही खरी असो.

उजेडवाला

ताई, अगदी बरोबर. आता थोडं कामाचं बोलतो, कारण इथे कोनावर भांडण चाललंय आणि निम्म्या फोटोंत पांढराच पांढरा नसतो.

एका बाजूला खिडकीचा उजेड आणि डोक्यावर घरातला दिवा, असा फोटो काढूच नका. अर्धं नाणं निळसर येतं, अर्धं पिवळसर, आणि लोक त्यालाच टोनिंग समजतात. एकाच जातीचे दिवे लावा, ९५च्या वर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, याचा १००पैकी आकडा) असलेले एलईडी. नाण्याच्या जागी आधी ग्रे कार्ड, म्हणजे ठरावीक राखाडी रंगाचा पुठ्ठा, ठेवून व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने पांढरं कशाला धरायचं ते) ठरवा, मग त्याला हात लावू नका. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा सोनेरी टोनिंगला दिव्याचा पिवळेपणा समजून पुसून टाकू शकतो. सोनेरी नाणी फोटोत पांढुरकी का येतात, याचं बऱ्याचदा हेच कारण असतं.

आणि लाल मखमल सोडा! सोनाराकडे ती शोभते. इथे मखमलीचा लाल रंग नाण्याच्या कडेवर चढतो आणि कडेलाच तर सगळ्यात नाजूक छटा असतात. राखाडी कागद पुरे.

काचेची युक्ती चांगली आहे, पण तिने चेहरा सपाट दिसतो, राजाची दाढी पुसल्यासारखी होते. मी दोन दिवे घड्याळातल्या १० आणि २च्या जागी ठेवतो, लेन्सच्या जमेल तितके जवळ आणि उंच. रंग थोडा कमी येतो, पण नक्षीही राहते आणि झळाळीही. स्कॅनरच्या वाटेला मात्र जाऊ नका, त्यात मोरपिशी नाणंसुद्धा मातकट येतं.

घासून_लख्ख

शेवटी ही काळी पडलेली चांदीच ना? आमची आजी चिंच लावून दोन मिनिटांत लख्ख करायची.

उजेडवाला

आणि तो रुपया पुन्हा कधी तसा होत नाही. घासल्याचे बारीक ओरखडे जन्मभर राहतात, जाणकार ते भिंगाने बघतो आणि किंमत पाडतो. आजीचं प्रेम मान्य, पण चिंच देवाच्या भांड्यांना लावा, नाण्यांना नको.

जुनी_पेटी

मूळ मुद्द्यावर येतो. चांदीवेडा म्हणतो की कोन खरा, सॅच्युरेशन खोटं. मान्य. पण त्याने एका गोष्टीचा विचार केलेला नाही. आज गंधकाची रसायनं लावून, तापवून, एका दिवसात रंग चढवणारे लोक आहेत. तो रंग ओळखायचा कसा? अस्सल टोनिंगमध्ये थर हळूहळू जाड होतो, म्हणून पिवळा, मग किरमिजी, मग निळा असा क्रम लागतो. बनावटात क्रम तुटतो, पिवळ्याला खेटून एकदम निळा डाग येतो. अक्षरांच्या कुशीत रंग कसा थांबतो, तेही बघावं लागतं. फोटो भडक झाला की ही मधली पायरीच बुजते. मग अस्सल नाणंही बनावट वाटतं आणि बनावटही अस्सल म्हणून खपतं. माझ्या पैशांपेक्षा मला याचं जास्त वाईट वाटतं.

चांदीवेडा

हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. काल रात्री माझा काचेतून काढलेला फोटो पुन्हा उघडून बघितला. राजाच्या मानेपाशी पिवळा आणि किरमिजीच्या मध्ये एक नारिंगी रेघ आहे, नखाएवढीही रुंद नाही. भिंगातून ती स्पष्ट दिसते. फोटोत ती नव्हती, कारण मी उजेड जास्त ठेवला होता आणि लाल रंग तिथे पूर्ण भरून गेला होता. उजेड कमी करून परत काढला, तेव्हा आली.

तरीही नुसता मेजावरचा फोटो मला मान्य नाही. तसा फोटो बघून हे नाणं कुणी चिंच लावून घासेल, ही भीती मला खरंच वाटते. यापुढे दोन फोटो शेजारी-शेजारी लावीन, एक काचेतून आणि एक १० आणि २च्या दिव्यांत. दोन्हींत कडेला ग्रे कार्डाची पट्टी ठेवीन, ती कापणार नाही.

जुनी_पेटी

पट्टी ठेवणार असाल तर माझा अर्धा विरोध गेला. पण पहिला फोटो मेजावरचा असू द्या, काचेतला दुसरा. लोक पहिलाच बघून पैसे पाठवतात.

चांदीवेडा

क्रमावर अजून पटलेलं नाही, काका. पट्टी मात्र नक्की.