क्रॉलरला मोठा सर्व्हो: अॅक्सलवर की चॅसिसवर?

प्रश्न: 1/10 क्रॉलरला (दगडांवर चालवायची रिमोटची गाडी, खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची) मोठी, मऊ टायरं घातली. दोन दगडांत चाक अडकलं की सर्व्हो (चाकं वळवणारी मोटर) नुसता गुणगुणतो, वळत नाही. 35 किलोवाला (म्हणजे 35 किलो-सेंमी जोराचा) घेऊ म्हणतोय. सरळ बसेल का?

उत्तर: बसेल, पण आधी बीईसी (सर्व्होला ठरावीक व्होल्ट पुरवणारं सर्किट) बघा. तो 35चा आकडा बहुतेक वेळा 7.4 किंवा 8.4 व्होल्टवरचा असतो. तुमचा ईएससी (गाडीच्या मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, बीईसी बहुतेक यातच असतो) 6 व्होल्टच देत असेल तर तेवढा जोर मिळणारच नाही. शिवाय अडकलेला सर्व्हो सहज 4-5 अँपिअर ओढतो. बीईसी कमी पडला की रिसीव्हर (रिमोटचे सिग्नल घेणारा भाग) रीसेट होतो आणि गाडी ऐन चढावर मान टाकते. वेगळा बीईसी लावा, मात्र तेवढे व्होल्ट रिसीव्हरला चालतात का ते तपासा.

सर्व्हो सेव्हर (झटका शोषणारा स्प्रिंगचा भाग) काढून अॅल्युमिनियमचा हॉर्न (सर्व्होवर बसणारा हात) घाला. प्लास्टिकच्या हॉर्नचे दाते झिजतात. धातूत जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) हवंच.

दुसरं उत्तर: सर्व्हो चॅसिसवर लावणार असाल तर पॅनहार्ड रॉड (अॅक्सलला आडवं सरकू न देणारा, चॅसिसला जोडलेला दांडा) पाहिजे. ड्रॅग लिंक (सर्व्होपासून चाकांकडे जाणारा दांडा) त्याला समांतर, लांबीही जवळपास सारखी. नाहीतर सस्पेन्शन दबलं की चाकं आपोआप वळतात. मला विचाराल तर नुसतं दगडांवर चालवायचं असेल तर अॅक्सलवरच बरा. वजन खाली राहतं. दिसायला बोजड दिसतो, तो भाग वेगळा.

प्रश्नकर्ता: एंडपॉइंट (सर्व्हो कुठवर फिरेल ती रिमोटमधली मर्यादा) किती ठेवू?

पहिलं उत्तर देणारा: नकल (चाकासोबत वळणारा अॅक्सलच्या टोकाचा भाग) स्टॉपला टेकायच्या किंचित आधी थांबवा. टोकाला गुणगुण ऐकू आली की अजून कमी करा.