ऑक्टाव्हिया व्हीआरएसचे पुढचे रोटर (ब्रेकच्या डिस्क) बदलायचेत, ड्रिल्ड (भोकं पाडलेले) घेऊ का साधे? आणि खर्च नक्की किती धरायचा?

निगडीचा_आरएस

नमस्कार मंडळी. गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, २०१७ ची, मी दीड वर्षापूर्वी सेकंड हँड घेतली, आता ६८ हजार किमी झालेत. शंभर-एकशेदहाला ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, ऐंशीच्या खाली आलं की थांबतं. गेले दोन महिने चाललंय आणि मी अलाइनमेंट, बॅलन्सिंग दोन्ही करून बसलोय, फरक शून्य.

मागच्या रविवारी आई-बाबांना घेऊन पाचगणीला गेलो होतो. उतरताना पसरणी घाटात निम्म्याच्या खाली आल्यावर पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं, आणि वाईला पोचून गाडी बाजूला घेतली तर पुढच्या चाकांमधून जळका वास. आईने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, पण खरं सांगतो हात थंड पडले होते. तेव्हाच ठरवलं की आता हे काम नीट करायचं, अर्धवट नाही.

चार ठिकाणी विचारलं आणि चार वेगळी उत्तरं आली. सर्व्हिस सेंटर म्हणतंय रोटर, पॅड (रोटरला दाबून धरतात ते), ब्रेक फ्लुइड, लेबर सगळं जीएसटीसकट ५२ हजार. नाना पेठेतल्या काउंटरवर साधे रोटर जोडी १९ हजार, पॅड साडेसात. एक जण बाहेरून ड्रिल्ड आणि स्लॉटेड (वर खाचा पाडलेला) सेट आणून देतो म्हणतोय, ४६ हजार, पॅड वेगळे. आणि घराजवळचा गॅरेजवाला म्हणतो कशाला बदलताय, लेथवर फेस मारून (वरचा थर तासून) देतो, दोन्हीचे पंधराशे. शिवाय एक जण साइज ३१२ मिलीमीटर सांगतोय, दुसरा ३४०. डोकं चालेनासं झालंय. परफॉर्मन्स गाडी आहे म्हणून ड्रिल्ड घ्यावेत का? दिसतात पण भारी. कधीतरी ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायला) जायचा विचार आहे पण अजून गेलो नाही.

सातारी_गिअर

भावा आधी एक गोष्ट वेगळी कर. थरथर आणि पेडल खोल जाणं हे दोन वेगळे आजार आहेत, रोटर बदलून फक्त पहिला बरा होईल. पेडल मऊ होणं म्हणजे बहुतेक फ्लुइड उकळलंय. डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा ग्रेड) नवीन असताना किमान २३० डिग्रीला उकळतं, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि साधारण पावणेचार टक्के पाणी गेलं की तोच आकडा १५५ च्या आसपास येतो. तुझ्या गाडीचं फ्लुइड शेवटचं कधी बदललं होतं? सेकंड हँड घेतलीस म्हणजे बहुतेक तुलाही माहीत नसेल. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, किलोमीटर कितीही होवोत, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर ते चुकवूच नये.

पसरणी घाट मी आठवड्यातून दोनदा उतरतो म्हणून सांगतो, पाचगणी ते वाई जवळपास साडेपाचशे मीटरचा उतार आहे. चार माणसं आणि सामान धरून गाडी १७०० किलोची पकड. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते ती शंभरच्या स्पीडवरून गाडी पूर्ण थांबवायची, अशी लागोपाठ चौदा वेळा, एवढी भरते. थोडी हवेत जाते, थोडी इंजिन खातं, पण तू डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) डी मध्येच ठेवून उतरलास तर इंजिन फार कमी खातं आणि बाकी सगळं रोटरवर पडतं. मॅन्युअल मोडला घेऊन दुसऱ्या-तिसऱ्यात उतर. आणि ब्रेक असा सारखा हलका दाबून ठेवू नकोस, नीट दाब, स्पीड कमी कर, सोड, म्हणजे मधल्या वेळात रोटरला हवा लागते.

ही सवय फुकटची आहे आणि ४६ हजारांच्या रोटरपेक्षा जास्त कामाची आहे.

शिरोली_फाउंड्री

मी कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत क्वालिटीला आहे, बारा वर्षं बीडच बघते रोज, त्यामुळं धातूच्या बाजूनं लिहिते. (आमच्याकडं कास्ट आयर्नला बीडच म्हणतात.)

रोटर बिडाचा का असतो, तर त्यात कार्बन ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता चटकन आत नेतात आणि थरथर पण शोषतात, म्हणून स्टीलपेक्षा बीड इथं बरं. चांगल्या रोटरमध्ये कार्बन मुद्दाम जास्त ठेवतात, त्याला हाय कार्बन म्हणतात, बॉक्सवर तसं लिहिलेलं असतं. आवाज कमी करतो आणि गरम-थंड होण्याचा मार जास्त सोसतो. पैसे द्यायचे तर ह्याला द्या.

पण ह्याच पापुद्र्यांमुळं बीड ओढ सहन करत नाही. त्यात भोक पाडलं की भोकाच्या कडेला ताण गोळा होतो, आणि रोटर लाल व्हायला आला, मग पाण्यात गेला, परत गरम झाला, असं होत राहिलं की कडेपासून केसासारखी चीर सुटते. एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत गेलेली चीर मी स्वतः भिंगाखाली बघितलीय, एका ओळखीच्यांच्या गाडीचा रोटर होता, त्यांनी कौतुकानं लावले होते आणि वर्षभरात काढावे लागले. पूर्वीच्या पॅडमधून गरम झाल्यावर गॅस निघायचा, त्याला वाट म्हणून भोकं आली. आताच्या पॅडला तेवढी गरज नाही. आणि भोकं म्हणजे तेवढं बीड कमी, म्हणजे उष्णता साठवायला जागा कमी. स्लॉटेड त्यातल्या त्यात ठीक, पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवतो, पण पॅड लवकर खातो आणि थोडा घरघर आवाज येतो. तुम्ही रोज ऑफिस आणि महिन्यातून एक घाट करणार असाल तर साधे, हाय कार्बन, आत हवेच्या खाचा नीट असलेले. दिसण्यासाठी घेऊ नका हो, आई-बाबा बसतात त्या गाडीत.

आता लेथबद्दल. लोक म्हणतात डिस्क वाकली. बिडाची डिस्क अशी सहजासहजी वाकत नाही. बहुतेक वेळा होतं असं की पॅडचं मटेरियल रोटरवर कुठं जाड कुठं पातळ चिकटतं, किंवा हबवर (रोटर आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) रोटर किंचित तिरका बसलेला असतो आणि दर फेरीत एकाच जागी घासून तिथं पातळ होतो. जाडीत काही शतांश मिलीमीटरचा फरक पडला तरी स्टिअरिंगला कळतो. फेस मारला की फरक जातो, पण जिथं जास्त तापून निळसर डाग पडलेत तिथलं बीड कडक झालेलं असतं, ते बाकीच्या भागासारखं झिजत नाही, मग थोड्या महिन्यांत तोच उंचवटा परत वर येतो. निळे डाग आहेत का बघा. असतील तर पंधराशे पण घालवू नका.

भोसरीकर_काका

फाउंड्रीवाल्या ताईंनी लाखातलं सांगितलं. मी तीस वर्षं गॅरेजच केलं, आता मुलगा बघतो, पण ब्रेकचं काम असलं की मी जाऊन उभा राहतोच.

निगडीकर, रोटर घ्यायच्या आधी मोजून घ्या. रोटरच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर मिनिमम जाडी कोरलेली असते, गंजाखाली लपलेली असते, वायर ब्रश मारला की दिसते. मोजायला मायक्रोमीटर पाहिजे, व्हर्निअर नको, कारण बाहेरच्या कडेला न झिजलेला ओठ राहतो, व्हर्निअरचे जबडे त्या ओठावर टेकतात आणि रोटर आहे त्यापेक्षा जाड दाखवतात. ह्यात भलेभले फसतात. एकाच रोटरवर आठ ठिकाणी मोजा. मिनिममच्या जवळ आला असेल तर लेथचा विषयच संपला, फेस मारून तो मिनिममच्या खाली जाईल.

साइजचं म्हणाल तर ह्या प्लॅटफॉर्मच्या गाड्यांना ३१२ पण येतात आणि ३४० पण, म्हणून दोघंही मनानं सांगतायत. डिकीत स्टेपनीच्या खाचेत किंवा सर्व्हिस बुकात एक स्टिकर असतो, त्यावर बारीक तीन अक्षरी कोडांची रांग असते, त्यातच ब्रेकचा कोड असतो. त्याचा फोटो आणि चेसिस नंबर काउंटरवाल्याला पाठवा. तो नंबर न विचारता जो रोटर काढून देतो त्याच्याकडून काही घेऊ नका.

आता किंमत. तुम्ही चार कोटेशन शेजारी ठेवलीत पण चारही वेगवेगळ्या कामाची आहेत. एका अ‍ॅक्सलचा हिशोब असा धरा: रोटर जोडी (नेहमी जोडीच, एक कधीच नाही), नवीन पॅड (जुने पॅड नव्या रोटरवर लावले की तुमचे पैसे गेले), पॅड धरणाऱ्या कॅरिअरच्या पिना आणि क्लिपा, त्यांचं ग्रीस, एक लिटर फ्लुइड, ब्रेक क्लीनर, आणि डायल (रोटर किती डोलतो ते दाखवणारं काट्याचं मीटर) लावून तपासणारा माणूस. नाना पेठेचा माल धरला तर तुमचं सगळं ३२ ते ३५ हजारांत बसायला पाहिजे. काउंटरवर विचारा जीएसटी धरून आहे का, पक्कं बिल देणार का, आणि किंमत एकाची का जोडीची, कारण फोनवर बरेच जण एकाची सांगतात. ब्रँड विचारा. एटीई, टीआरडब्ल्यू, ब्रेम्बो, झिमरमान, टेक्स्टार, ह्यातलं काही असलं आणि रोटरवर युरोपच्या मान्यतेचा आर ९० चा शिक्का असला तर निवांत घ्या. डुप्लिकेट बॉक्स फार फिरतात, म्हणून बॉक्स बघू नका, रोटर बाहेर काढून कोरलेलं वाचा.

सर्वात मोठी गोष्ट हबची. जुना रोटर काढल्यावर हबच्या तोंडावर गंजाची खरड असते. बऱ्याच ठिकाणी तशीच ठेवून वर नवीन रोटर ठोकतात. कागदाएवढी खरड मध्ये राहिली तरी बाहेरच्या कडेला तो रोटर डोलतो आणि सहा-सात हजार किलोमीटरनंतर थरथर परत, मग गिऱ्हाईक म्हणतं रोटर खराब होता. हब चकचकीत करायचा, रोटर बोल्टनं घट्ट आवळायचा, डायल लावून हातानं फिरवायचा. ०.०५ मिलीमीटरच्या आत काटा राहिला पाहिजे. नाही राहिला तर रोटर एका भोकानं फिरवून परत लावून बघायचा. ज्या गॅरेजात डायल नाही तिथं हे काम देऊ नका.

चाकण_ते_श्टुटगार्ट

बाहेरून मागवायचं म्हणत असाल तर एवढंच, रोटर एकेक नऊ-दहा किलोचा असतो. मी भावाला बॅगेतून आणायला सांगितलं होतं, २३ किलोची एक अख्खी बॅग त्या दोन रोटरनीच खाल्ली, बिचाऱ्यानं आईसाठी घेतलेलं काही आणता आलं नाही. कुरियरनं मागवलं तर भाडं, कस्टम ड्युटी, वर जीएसटी, त्यांची हँडलिंग फी, आणि एक जरी तडकलेला निघाला तरी परत कोण पाठवणार? इथं मिळतंय ते घ्या. चाकणला ब्रेम्बोचा प्लांट आहे म्हणून मी पण चौकशी केली होती, पण तिथं मुख्यतः दुचाकीचे ब्रेक होतात.

ट्रॅक डेला जायचं असेल तर रोटर साधेच राहू द्या, पॅड आणि फ्लुइड बदला. डॉट ५.१ चालेल, पण नुसतं डॉट ५ चुकूनही नको, ते सिलिकॉनचं असतं, आपल्या सिस्टीममध्ये मिसळत नाही. आणि खरे ट्रॅक पॅड रोजच्या गाडीला लावू नका, थंड असताना धरत नाहीत, सकाळी पहिल्या सिग्नललाच भीती वाटेल.

निगडीचा_आरएस

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल काकांनी सांगितलं तसं चाक काढून मोजलं. मिनिममपेक्षा डावा फक्त ०.४ वर आहे, उजवा ०.६, आणि डाव्यावर तीन निळसर पट्टे स्पष्ट दिसतायत, फोटो काढून ठेवलेत. लेथ बाद. फ्लुइड टेस्टरवर शेवटचा लाल दिवा लागला, म्हणजे पाणी जास्त, सातारी दादा बरोबर होते. स्टिकरचा फोटो पाठवल्यावर काउंटरवाल्यानं दहा मिनिटांत साइज नक्की केली.

साधे हाय कार्बन घेतोय. ड्रिल्डचा विचार सोडला. एकच विचारायचं होतं, नवीन लावल्यावर बेडिंग (नवे पॅड आणि रोटर एकमेकांवर नीट बसवणं) कसं करायचं? नेटवर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

भोसरीकर_काका

आधी नव्या रोटरवरचं तेल ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ फडक्यानं पुसा, गंज चढू नये म्हणून कंपनी लावते ते, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत पुसा. मग पहाटे मोकळा रस्ता बघा, मागं कोणी नाही ह्याची खात्री करून ऐंशीवरून पंधरा-वीसपर्यंत मध्यम जोरानं उतरवा, पूर्ण थांबवू नका, परत वेग घ्या, असं आठ-दहा वेळा. मग दहा मिनिटं ब्रेक जवळपास न लावता चालवत रहा, थंड होऊ द्या. गरम असताना सिग्नलला पेडल दाबून उभं राहायचं नाही, ऑटो होल्ड असेल तर तेवढ्यापुरतं बंद ठेवा, नाहीतर पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो आणि तिथूनच थरथर सुरू होते. पहिले तीनशे किलोमीटर सांभाळून. आणि चाकाचे बोल्ट टॉर्क पान्यानंच आवळायला लावा, न्यूमॅटिक गननं एक घट्ट एक ढिला झाला की सगळी मेहनत वाया.

निगडीचा_आरएस

अपडेट. शनिवारी काम झालं, काकांच्या मुलाकडेच केलं. हब घासायलाच पाऊण तास गेला, डाव्या हबवरून एवढी खरड निघाली की खाली पेपर अंथरला होता तो तांबडा झाला. डायलवर उजवा ०.०२, डावा आधी ०.०७ आला, मग रोटर एका भोकानं फिरवला तर ०.०३. मी स्वतः काटा बघत उभा होतो.

हिशोब: रोटर जोडी १९,००० (जीएसटीसकट, पक्कं बिल), पॅड ७,५००, क्लिपा-पिना-ग्रीस १,१००, फ्लुइड १,२०० आणि चारही चाकं ब्लीड (जुनं फ्लुइड आणि हवा काढणं), लेबर ३,०००. एकूण ३१,८००.

बेडिंग रविवारी पहाटे केलं. एकशेदहावरून ब्रेक दाबला, स्टिअरिंग शांत. पेडल वरच धरतंय. पुढच्या आठवड्यात परत पाचगणी, ह्या वेळी तिसऱ्या गिअरमध्ये उतरणार, वाईला थांबून चाकांजवळ जाऊन बघणार आणि इथं लिहिणार.