बी विंग ग्रुप : कपाट रिकामं करायला काढलंय

देसाई काकू, बी ३०४ : नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही ऐरोलीला भाड्याच्या घरात जातोय. तिथे सोफा लावला की दार अर्धंच उघडतं, त्यामुळे पुस्तकांचं कपाट काही येणार नाही. एक पेटी नेणार, बाकीची द्यायची आहेत. रद्दीवाला पुस्तकांना पेपरपेक्षाही कमी भाव देतोय, म्हणून आधी इथे विचारते. सगळी परत वाचून मगच बाजूला काढलीत, तेव्हा पुस्तकाबरोबर माझं मतही फुकट.

सेक्रेटरी : काकू, तुमचा शिफ्टिंगचा फॉर्म अजून आलेला नाही.

देसाई काकू, बी ३०४ : देते हो. आधी नेमाड्यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ ही कादंबरी कोणीतरी न्या, अर्धी पेटी तीच खाईल.

सावंत, बी २०१ : कशी आहे?

देसाई काकू, बी ३०४ : सुरुवात झकास. खंडेराव मोहेंजोदारोला खणतोय, इकडे मोरगावात वडील शेवटच्या घटका मोजतायत, आणि त्याला घरी पोचायचंय. मी मांडी ठोकून बसले. पण मग जाती, पोटजाती, रीतिभाती, नातलग यांच्या याद्या सुरू होतात त्या संपतच नाहीत. नावातच ‘समृद्ध अडगळ’ म्हटलंय म्हणून अडगळ माफ होत नाही. घरातल्या, शेतातल्या बायकांची पानं मात्र सोन्यासारखी आहेत. तेवढी वेगळी काढून कोणी बांधून दिली तर पेटीत ठेवीन.

कदम सर, बी ४०३ : वहिनी, ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकाबद्दल असं ग्रुपवर बोलणं योग्य नाही. त्या याद्यांमागे एक भूमिका आहे.

देसाई काकू, बी ३०४ : भूमिका आहे, मान्य. कंटाळाही आहे. सर, तुम्ही पूर्ण वाचलीत?

कदम सर, बी ४०३ : चाळली आहे.

सावंत, बी २०१ : मग सरांकडेच जाऊ द्या.

तन्वी, बी १०२ : काकू, मी नेमाड्यांचीच ‘कोसला’ वाचतेय. कॉलेजात सगळे म्हणाले आयुष्य बदलतं. माझं काही बदललं नाही. त्यातला नायक पांडुरंग नुसता वडिलांचे पैसे उडवतो आणि कुरकुरतो. १९६३ सालचं आहे, तेव्हा चालून गेलं असेल.

देसाई काकू, बी ३०४ : कुठवर आलीस?

तन्वी, बी १०२ : मेसचा हिशोब चाललाय.

देसाई काकू, बी ३०४ : मनीपर्यंत पोच, मग बोलू. त्याची धाकटी बहीण. तोवर जो पोरगा कशालाच गंभीरपणे घेत नाही, त्याची भाषाच तिथे कोलमडते. बाकी तुझं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. माझ्या मते त्या पुस्तकाचं सर्वांत मोठं नुकसान त्याच्या भक्तांनी केलंय. कॉलेजातले दोन मुलगे तेव्हा हुबेहूब त्याच्यासारखे बोलायचे. ‘वगैरे’ ऐकलं तरी डोकं उठायचं.

पाटील, बी ५०२ : सेल्फ हेल्प आहे का काही? आमचा चिरंजीव मागतोय.

देसाई काकू, बी ३०४ : ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’ आहे. जावयाने दिलं होतं. सांगायची गोष्ट चांगली आहे, पण दिवाळी अंकातल्या एका लेखाएवढी. सवय लावायची असेल तर ती डोळ्यांसमोर ठेवा, सोपी करा. मोडायची असेल तर आड लपवा, अवघड करा. एवढ्यावर अख्खं पुस्तक! आणि ते रोज एक टक्का सुधारलात तर वर्षात ३७ पट.

सावंत, बी २०१ : गणित बरोबर आहे. १.०१ चा ३६५ वा घात साधारण ३७.८ येतो. पण चक्रवाढीला मुदत ठेव लागते, काकू. बँकेत जन्म गेला माझा. माणूस रोज सकाळी व्याजासकट उठत नाही, मुद्दलातूनच काढत असतो.

देसाई काकू, बी ३०४ : हे त्या पुस्तकात असतं तर ठेवलं असतं.

पाटील, बी ५०२ : तरी द्या. चिरंजीव अकराला उठतो.

सेक्रेटरी : पाण्याचा पंप ४ ते ५ बंद राहील. कृपया नोंद घ्यावी.

महाडिक काका, बी १०४ : रहस्यकथावाले बाबूराव अर्नाळकर आहेत का? झुंजार? काळा पहाड?

देसाई काकू, बी ३०४ : होते काका. वाळवीने आधीच वाचून संपवले. धारपांचं ‘लुचाई’ आहे, स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेलं. भीती वाटते, मी दिवसाउजेडी वाचलं. जयंत विष्णू नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ पण आहे, ते तन्वीला.

तन्वी, बी १०२ : सायन्स फिक्शन मला झेपत नाही.

देसाई काकू, बी ३०४ : हे झेपेल. गोष्टीत मध्येच सर वर्ग घेतात तसं समजावतात खरं, आणि माणसं थोडी कागदीच आहेत. पण कल्पना बघ. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येईल म्हणून बायकोकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं! कुलाब्याला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक असलेला माणूस हे करतो, मला त्याचंच कौतुक.

सावंत, बी २०१ : ‘वासूनाका’ होतं ना तुमच्याकडे? भाऊ पाध्ये?

देसाई काकू, बी ३०४ : आहे. १९६५ साली आलं तेव्हा अत्र्यांनी झोडपून काढलं होतं. आमच्या वडिलांनी घरात येऊ दिलं नव्हतं. आता वाचलं तर भाषेचा काडीचा धक्का बसला नाही, आपल्या गेटवर रोज त्याहून जास्त ऐकू येतं. धक्का बसतो तो नाक्यावरची पोरं येणाऱ्याजाणाऱ्या मुलीकडे ज्या नजरेने बघतात त्याचा. आणि लेखक मध्ये पडून त्यांना हटकत नाही. चीड येते, पण हटकलं असतं तर पुस्तक खोटं झालं असतं. तुम्ही न्या, पण पहिलं पान उघडून नाक मुरडू नका.

कदम सर, बी ४०३ : असली पुस्तकं ग्रुपवर नकोत. इथे मुलं आहेत.

तन्वी, बी १०२ : सर, मी एकोणीसची आहे. सावंत काकांनंतर माझा नंबर.

पाटील, बी ५०२ : विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ आहे का? बायको विचारतेय. ते जहाजावरचं ना, ज्यात ती ज्यू मुलगी शेवटी

पाटील, बी ५०२ : (हा मेसेज डिलीट केला आहे)

देसाई काकू, बी ३०४ : पाटील, आम्ही वाचला तो! ज्यांनी वाचली नसेल त्यांनी विसरा. १९३९ साली आली, एका बैठकीत संपते. हिटलरच्या तावडीतून सुटलेली हेर्टा आणि युरोपातून मुंबईला परतणारा आपला नायक. नायक मला कधीच आवडला नाही. फार स्वतःच्या जखमा चाटतो. पण एक शब्द इकडचा तिकडे करता येत नाही. युद्ध अजून पेटायचंय आणि हा माणूस लिहून मोकळा. वहिनींना पाठवून द्या, पण वाचून परत हवी.

महाडिक काका, बी १०४ : आणि पेटीत काय नेताय?

देसाई काकू, बी ३०४ : ‘स्मृतिचित्रे’, लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. ते कोणालाही मिळणार नाही. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या नादाने अख्खं घर वेठीला धरतात. नवरा, म्हणजे कवी नारायण वामन टिळक, न सांगता घरातून निघून जातो आणि १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती होतो. दुसरी कोणी असती तर पानोपानी टिपं गाळली असती. ही बाई सगळं सांगताना हसवते, स्वतःलाही सोडत नाही. टिळकांवर चिडते, पण त्यांना लहान करत नाही. मुळाक्षरं लग्नानंतर नवऱ्याकडून शिकली, आणि अशी वाक्यं लिहिली की शिकलेल्यांनी खाली मान घालावी. शेवटचा भाग मुलाने पूर्ण केला. तिथे लगेच कळतं की हात बदलला. तेवढीच तक्रार.

कदम सर, बी ४०३ : याबाबतीत सहमत आहे. मी एम.ए.ला शिकवायचो.

देसाई काकू, बी ३०४ : हे पूर्ण वाचलं होतंत?

कदम सर, बी ४०३ : वहिनी, हे दोनदा.

देसाई काकू, बी ३०४ : मग ‘हिंदू’ खरंच तुमच्याकडे पाठवते. वाचून झाली की भांडायला ऐरोलीला या.

सेक्रेटरी : पुस्तकांची खोकी लिफ्टसमोर ठेवू नयेत. आणि ‘लुचाई’ कोणी मागितली नसेल तर माझ्यासाठी ठेवा.