साडेसातला घरी आल्यावर खिम्याचे गोळे आणि भात: तुम्ही कसं जमवता?

जळगावहून लिहितेय. ऑफिस सुटून घरात पाऊल टाकेपर्यंत सव्वासात होतात, त्यानंतर भाकरी थापायचं त्राण हातात उरत नाही. म्हणून वर्षभरापासून आठवड्यातून एकदा मी खिम्याचे गोळे आणि भात करते. खोलगट वाडग्यात खाली वाफाळता भात, वर चार-पाच गोळे, पळीभर घट्ट रस्सा आणि कडेला कांदा-काकडी. अर्धा किलो चिकन खिम्याचे लिंबाएवढे २०-२२ गोळे होतात, चौघांना पुरतात. भाताचा कुकर लावला की गोळे वळायला बसायचं, कुकर गार होईपर्यंत ते तव्यावर परतून होतात. वाटण रविवारीच करून ठेवते. कांदे सालासकट गॅसवर काळे होईपर्यंत भाजायचे, सोबत भाजलेलं सुकं खोबरं, लसूण आणि घरचा काळा मसाला. ते बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं की आठवडाभर दोन-दोन वड्या कढईत टाकल्या की झालं.

मुलं आवडीने खातात. अडचण माझ्या मनात आहे. आपल्याकडे भात म्हणजे जेवणाच्या शेवटी दोन घास. तोच भात पूर्ण जेवण म्हणून सासूबाईंच्या पुढे ठेवताना मला अजून अवघडल्यासारखं होतं. त्या काही बोलत नाहीत, पण अर्धा वाडगा तसाच राहतो. तुम्ही हे कसं करता, काय बिघडलं, घरच्यांना कसं पटलं, सगळं सविस्तर लिहा. शाकाहारी असाल तरी लिहा.

*

भुसावळ. आमचे हे रेल्वेत, गाडीवर असतात. ड्यूटीचा फोन कधी येईल आणि माणूस घरी कधी परतेल याचा नेम नाही, त्यामुळे रात्री ११ वाजताही ताजं जेवण पुढे ठेवता येईल असं काहीतरी मला हवंच होतं.

पहिल्यांदा केले तेव्हा झाकण उघडलं तर गोळे नव्हतेच, नुसता खिम्याचा रस्सा! रडू आलं होतं मला. मी खिमा धुऊन तसाच ओला घेतला होता आणि कांदा मिक्सरमधून काढला होता. सगळा घोळ पाण्याचा. आता खिमा बारीक चाळणीत घालून फ्रिजमध्ये अर्धा तास निथळत ठेवते. कांदा बारीक चिरून, मीठ लावून पंच्यात घट्ट पिळते. अर्ध्या किलोला दोन चमचे डाळ्याचं पीठ घालते, मग मीठ घालून तीन मिनिटं नीट मळते. मळता मळता एक क्षण येतो, खिमा बोटांना धरायला लागतो, परात हलवली तरी एका गोळ्यात राहतो. मिठाने मांसातलं प्रथिन सुटतं आणि तेच गोळा बांधून ठेवतं, अंड्याची गरज पडत नाही. तव्यावर सगळ्या बाजूंनी रंग आला की रश्शात सोडायचे आणि पहिली पाच मिनिटं पळी आत घालायची नाही, कढईच कानांना धरून हलवायची.

जास्तीचे कच्चे गोळे ताटात सुटे ठेवून गोठवते, दगडासारखे झाले की पिशवीत भरते. हे आले की थेट उकळत्या रश्शात. १५-१८ मिनिटं लागतात. एक फोडून बघते, आत गुलाबी दिसलं तर आणखी पाच मिनिटं.

*

धुळ्याला नोकरीनिमित्त खोली घेऊन राहतो. एकच शेगडी, त्यामुळे क्रम महत्त्वाचा. आधी भात. तीन शिट्ट्या झाल्या की कुकर उतरवून टॉवेलात गुंडाळून ठेवतो, अर्ध्या तासानेही भात चांगला गरम असतो. गोळे मी अप्पेपात्रात करतो! आईने अप्प्यांसाठी दिलं होतं. खणात अर्धा चमचा तेल, गोळा ठेवायचा, झाकण घालून मंद आचेवर चार मिनिटं, चमच्याने उलटवून पुन्हा चार. गोळा गोल राहतो आणि तेल फार लागत नाही. महिनाअखेरीला खिम्याऐवजी सोयाचा चुरा घेतो. गरम पाण्यात भिजवून अगदी कोरडा पिळायचा, उकडलेला बटाटा आणि डाळ्याचं पीठ घालायचं. भुसावळच्या ताई, कांदा पिळायचं तुमच्यामुळे कळलं. माझे गोळे फुटायचे ते त्यामुळेच.

*

मी मूळची नवापूरची. आमचा भाग भाताचा, त्यामुळे भात हेच जेवण यात आम्हाला वावगं कधी वाटलं नाही. इंद्रायणी घ्या, ताई. शिजला की थोडा चिकट होतो, रस्सा धरून ठेवतो, मुलांच्या चमच्यातून सांडत नाही.

माझी आठवण खिम्याची नाही. २००६च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा मी शाळेत होते. पोल्ट्र्यांमधल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या. घराघरात रोजगार त्यावरच, त्यामुळे ते दिवस फार वाईट गेले. आमच्या घरात पुढे कितीतरी महिने चिकन शिजलं नाही. तेव्हा आई भातावर फुनके वाढायची. चार तास भिजवलेली तूरडाळ पाणी न घालता भरड वाटायची, त्यात कांदा, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, मुठीने लांबट गोळे वळून १५ मिनिटं वाफवायचे. खाली भात, वर तीन फुनके मोडून घातलेले, त्यावर गरम कढी आणि लसणाची फोडणी. फुनका मोडला की आतली डाळ रवाळ दिसायची आणि कढी त्यात पटकन शिरायची. नवापूरच्या तूरडाळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला पहिली आठवण त्या वाडग्याची झाली. आता मी नोकरी करते, डाळ सकाळी निघताना भिजवते. उन्हाळ्यात मात्र फ्रिजमध्ये ठेवून जाते, नाहीतर आंबते.

*

अमळनेर. आम्ही शाकाहारी, आमच्याकडे डुबुकवडे. बेसनात कांदा, कोथिंबीर, ओवा, तिखट, मीठ, जेमतेम पाणी. उकळत्या काळ्या रश्शात बोटांनी सोडायचे, वर तरंगले की आणखी पाच-सात मिनिटं. रस्सा पातळच ठेवा, वडे पितात. भातावर लगेच वाढायचे.

*

यावलहून एक कळकळीची विनंती. एप्रिल-मेमध्ये सकाळचा भात ओट्यावर ठेवून रात्री वापरू नका. माझ्या मुलीला त्यातून रात्रभर उलट्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, भातातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, उकाड्यात वाढून विष तयार करतात आणि ते गरम करूनही जात नाही. उरला तर पसरून गार करून तासाभरात फ्रिजमध्ये.

*

चाळीसगावची, सध्या पुण्यात. आमच्या ऑफिसजवळ जपानी पद्धतीचे चिकनचे गोळे भातावर मिळतात, गोडसर चकचकीत पाकात घोळवलेले. घरी दोन चमचे सोया सॉस, चमचाभर गूळ, ठेचलेलं आलं-लसूण आणि थोडं पाणी आटवून करते. सोया सॉस खारट, म्हणून गोळ्यांत मीठ बेताचं. दिवाळीला घरी केले, तर आबांनी चव घेतली आणि म्हणाले, "चांगलं शे, पन तिखट कोठे शे?" पुढच्या वेळी वर शेंगदाण्याची चटणी घातली, ते दोनदा मागून जेवले.

*

शिरपूर. जळगावच्या ताई, माझं वय ६८, तेव्हा सासूबाईंच्या बाजूने बोलते. आम्हाला राग नसतो हो. भाताने पोट भरतं आणि दोन तासांनी पुन्हा रिकामं वाटतं, एवढंच. माझी सून सकाळी एक कळण्याची भाकरी जास्त करते. रात्री तीच वाडग्यात कुस्करायची, वर गोळे आणि रस्सा थोडा पातळ करून. ज्वारी आणि उडदाची भाकरी रश्शात दहा मिनिटं मुरली की दात नसलेल्यालाही खाता येते. वरून कच्चं शेंगदाणा तेल, एक धार.

*

जळगावहून पुन्हा. काल तसंच केलं. सासूबाईंनी भाकरी स्वतः कुस्करली, वाडगा रिकामा झाला आणि धाकट्याने त्यांच्याच वाडग्यातला घास मागितला. भुसावळच्या ताई, गोठवलेले गोळे किती दिवस ठेवता?

*

भुसावळ. आमच्याकडे महिन्याच्या आत संपतात. पिशवीवर तारीख लिहून ठेवा, आणि वीज खूप वेळ गेली होती तर हात लावून बघा. मऊ पडले असतील तर परत गोठवू नका.