बार नव्हता तेव्हा कोण जिंकतंय ते कळायचं कसं? बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या लढतींचे तुमचे अनुभव

पेठेतला उंट
परवा बहिणीची पोरगी मोबाइलवर गुकेशचा जुना डाव लावून बसली होती. म्हटलं, १९९५ ची आनंद-कास्पारोव लढत आम्ही बघितली नाही, वाचली. तर म्हणते, "मामा, बार नव्हता तर कोण जिंकतंय ते कळायचं कसं?" बार म्हणजे पटाशेजारचा तो काळा-पांढरा पट्टा, कोणाची बाजू भारी ते संगणक त्यावर दाखवतो.

आता काय सांगणार! न्यूयॉर्कात दुपारी डाव सुरू व्हायचा तेव्हा इकडं मध्यरात्र. सकाळच्या पेपरात काही नसायचं, निकाल त्याच्या पुढच्या दिवशी. चाली छापून आल्या की मी आणि शेजारचा दोस्त तालमीच्या कट्ट्यावर पट पसरायचो. प्लास्टिकचा पट, घडी पडून पडून मधली रेघ पांढरी झालेली. एक काळा हत्ती हरवलेला, त्याच्या जागी दौतीचं बूच. पैलवान घाम पुसत यायचे, "आज कोण चितपट?" कोणीच नाही. पहिले आठच्या आठ डाव बरोबरीत! वस्ताद वैतागले, आमच्या कोल्हापूरच्या खासबागेत असं झालं असतं तर पब्लिकनं दोघांना आखाड्यातनं हाकललं असतं म्हणाले.

नवव्यात आनंद जिंकला आणि आम्हा दोघांना तालमीत पेलाभर दूध मिळालं. खेळला आनंद, दूध आम्हाला. दहाव्यात कास्पारोवनं सरळ हत्ती सोडला. आम्हाला वाटलं छापताना चुकलंय. पुन्हा पुन्हा लावून बघितलं. पेपर बरोबर होता. तो डाव आनंद हरला. पुढच्या चार डावांत आणखी तीन गेले, शेवटी १०.५-७.५ नं कास्पारोव.

तुम्ही कुठं, कसं बघितलंत? लिहा. आणि बार बघून खेळाडूला शिव्या घालणाऱ्यांनी आधी बार झाकून एक डाव बघावा, मग बोलावं.

सासूबाईंचा मोबाइल
भाकरी थापता थापता लिहितेय, चुका समजून घ्या. १२ डिसेंबर २०२४, गुकेश आणि चीनचा डिंग, चौदावा डाव. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवलेला. सगळे म्हणत होते बरोबरी होणार, उद्या टायब्रेक, म्हणजे निकालासाठी झटपट डाव. म्हणून मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. खाली येते तर समालोचक किंचाळतायत! डिंगनं ५५ वी चाल हत्ती एफ२ खेळली होती. हत्तीला हत्ती गेला, मग गुकेशनं उंट डी५ वर आणून भिडवला. डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात, पळायला जागाच नाही. उंटाला उंट गेला. उरले राजे आणि प्यादी, त्यात गुकेशचं एक प्यादं जास्त. खलास. मी ओरडले तर सासूबाई बाहेरनं, "कोण गेलं गं?"

अठरा वर्षांचं पोर, डोळे पुसत पुसत सोंगट्या जागेवर मांडून ठेवत होतं. आमचा बाबू जेवलेलं ताट उचलत नाही.

अडीच घरं
ताई, त्याच दिवशी मी कारखान्याच्या रांगेत, ट्रॅक्टरवर. रेंज एक दांडी. चित्र अडकलंय, गुकेशनं डोकं धरलंय, जिंकला का हरला काय कळंना. मागचा ड्रायव्हर हॉर्न मारतोय, माझा नंबर आलेला. त्याला म्हटलं थांब गा, जगज्जेता हुतोय. त्यो पण उतरून माझ्या फोनात बघाय लागला. मग त्याच्या मागचा हॉर्न.

निवृत्त वजीर
१९७२, फिशर-स्पास्की. आम्ही कॉलेजात. आकाशवाणीच्या बातम्या आणि पेपर, एवढंच. फिशर पहिला डाव हरला, दुसऱ्याला आलाच नाही. ०-२. वडील म्हणाले, असल्या माणसाला घरी पाठवा. तोच पुढं १२.५-८.५ नं जिंकला! २१ वा डाव अर्धवट राहिलेला, दुसऱ्या दिवशी स्पास्कीनं फोनवरच हार कळवली. वडिलांना हे अजिबात पटलं नव्हतं. हरलास तर समोर येऊन हात मिळव, हे त्यांचं म्हणणं.

वडील देशी बुद्धिबळ खेळायचे. प्यादं एकच घर जाणार, राजाला शह बसेपर्यंत एकदा घोड्यासारखी उडी. पेपरातल्या चाली ते लावायला बसले की पहिल्याच चालीला भांडण, प्यादं दोन घरं गेलंच कसं!

सांगलीकर
कोल्हापूरकरांनी कुस्ती बघावी. बुद्धिबळ आमचं. बुद्धिबळासाठी झटलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांची सांगली, खेळाडू भाग्यश्री साठे-ठिपसेंची सांगली. बाकी चालू द्या.

पेठेतला उंट
@सांगलीकर आलास का! पडसलगीकरांना दोन्ही हात जोडून. पण जगज्जेता चेन्नईचा आहे भावा, तुझा पण नाही आणि माझा पण नाही.

सासूबाईंचा मोबाइल
आणि दिव्या देशमुख? नागपूरची. जुलै २०२५, बाटुमी, समोर कोनेरू हंपी. अंतिम फेरीत दोघी आपल्याच, कोणासाठी देव पाण्यात ठेवायचे तेच कळेना.

अर्धा गुण
ताई, तो विश्वचषक. जगज्जेतेपद वेगळं. (शिक्षक आहे, राहवत नाही.)

सासूबाईंचा मोबाइल
माहितीये हो सर. आनंद झाला तो झाला.

घाटातला
मला बुद्धिबळातलं फारसं कळत नाही. मोठा भाऊ वेडा आहे, मी ट्रान्सपोर्टवाला. २०१० ला आइसलँडचा ज्वालामुखी फुटला, विमानं बंद, आणि आनंद जगज्जेतेपदाची लढत खेळायला फ्रँकफर्टहून सोफियाला गाडीनं गेला. भावानं हे सांगितलं आणि मी त्या दिवसापासनं आनंदचा माणूस. एवढ्या लांबच्या प्रवासानं अंग कसं आंबतं ते मला विचारा. पहिला डाव हरला म्हणून भाऊ रडकुंडीला, मी म्हटलं पाठ धरली असणार, दोन दिवस दे त्याला. दुसराच जिंकला! आणि शेवटी बारावा डाव काळ्या मोहऱ्यांनी मारून ६.५-५.५. कास्पारोव बिस्पारोव मला सांगू नका, गाडीनं जाऊन कोण जिंकलंय?

अर्धा गुण
=)) "पाठ धरली असणार". आजवर वाचलेलं सर्वोत्तम विश्लेषण.

नवी आई
कार्लसन-नेपो (नेपोम्नियाशी), दुबई २०२१, सहावा डाव. १३६ चाली. बाळ तीन महिन्यांचं, मांडीवर. संध्याकाळी सुरू झालेला डाव, ते दोनदा झोपून उठलं तरी चालूच. नवरा म्हणाला झोप आता. म्हटलं कार्लसन झोपला की झोपते.

अडीच घरं
२०१३ चेन्नईचं, आनंद कार्लसनकडनं हरला ते, कोणीच काढंना. नको तेच बरं.

निवृत्त वजीर
नकोच.

पेठेतला उंट
६.५-३.५. झालं, काढलं. पुढं चला.

आयुष्याचा टायब्रेक
धागा छान. विषय सोडून विचारतोय, कोणाकडे जुनं चावीचं बुद्धिबळाचं घड्याळ आहे का? मुलाला दाखवायचंय. डिजिटल नको.

निवृत्त वजीर
माझ्याकडे आहे. डावीकडचं मागं पडतं, त्यामुळं मी कायम डावीकडं बसायचो. चालेल का?

आयुष्याचा टायब्रेक
पळेल काका! रविवारी येऊ का?

निवृत्त वजीर
रविवारी पाटाकडीलची फुटबॉल मॅच आहे, मी स्टेडियमवर. सोमवारी सकाळी ये. मुलाला घेऊन ये, आणि येताना त्याला सांग, उजवीकडं बसायचंय.