मदत हवी आहे: हॅन्डलच्या हस्तलिखितातला ‘ई’ फ्लॅट धरायचा का?

केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात अठराव्या शतकातला संगीतकार हॅन्डल याच्या स्वतःच्या हातची बरीच पानं आहेत. त्यातल्या एका इटालियन कॅन्टाटाच्या (गायनरचनेच्या) पानाचा फोटो मिळालाय. गाणाऱ्याची ओळ आणि खाली बास (खर्जाची ओळ), बस्स. मधले स्वर वादकाने बासवरच्या आकड्यांवरून भरायचे.

क्लेफचा, म्हणजे कोणत्या रेषेवर कोणता स्वर हे सांगणाऱ्या खुणेचा, प्रश्न सुटलाय. सोप्रानोची ओळ जुन्या सी-क्लेफमध्ये आहे, सी सर्वांत खालच्या रेषेवर. ती ट्रेबलमध्ये उतरवून घेतली. अक्षर घाईचं, पण लागतं.

अडलंय ते पुढे. स्केल जी मायनर, पण सुरुवातीला फ्लॅट (कोमल स्वराची खूण) एकच, बीचा; ईचा नाही. त्या काळी असं सर्रास लिहीत आणि ई-फ्लॅट जागच्या जागी दाखवत, एवढं माहीत आहे. एका ठिकाणी बासमध्ये जी आहे आणि वर नुसता 6, म्हणजे जीपासून सहावा स्वर, ई. फ्लॅटची खूण नाही. गाणाऱ्याला तिथे विश्राम, म्हणजे तिकडूनही काही कळत नाही. आदल्या मापात मात्र गळ्यात ठसठशीत ई-फ्लॅट आहे, आणि बास पुढे डीवर उतरतो.

क्रिसांडरची जुनी छापील आवृत्ती सुचवू नका, पाहिली आहे. तिथे स्वर भरून दिलेले नाहीत. कीबोर्डवर दोन्ही वाजवून पाहिले. कानाला फ्लॅटच पटतो, पण माझा कान आजच्या मायनरला सरावलेला, त्याचा काय भरवसा!

जाणकारांनो, असा एकटा 6 सुरुवातीच्या एका फ्लॅटप्रमाणेच वाचायचा, की आदल्या मापातला ई-फ्लॅट गृहीत धरायचा? आणि हॅन्डलची सवय तपासायला त्याच्या इतर पानांत नेमकं काय बघू?